सोय लावून जा

सोमवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

फोन न करता लिहितेय. फोनवर बोलायला लागले की बाबा पलीकडच्या खोलीतून "कोण गं?" विचारतात आणि मग काय बोलणं झालं तेही सांगावं लागतं. पत्राचं कोणी विचारत नाही.

बातमी आहे. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात मला मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली. परीक्षेला त्यांनी एक पान दिलं होतं, त्यात मुद्दाम चुका पेरलेल्या. मी पेरलेल्या काढल्या आणि दोन न पेरलेल्याही काढल्या. तिथल्या बाईंनी विचारलं, "शाळा कुठली तुमची?" म्हटलं, तिसरीपर्यंत घरीच, आत्यापाशी. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तीन जूनला रुजू व्हायचं आहे. शहर लांब आहे, बसने दिवस जातो.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी कॅलेंडरचं काहीतरी करावं लागेल.

तू इथे होतीस तेव्हा मागच्या दाराशी, घर आणि चर्च जिथे जोडलंय तिथे, कोणाला जागा कधी ते लिहायचा फळा होता. तेव्हा चर्चची इमारत आपल्या एकट्या मंडळीची होती. आता रविवारी सकाळी आपली उपासना आणि दुपारी दुसऱ्या एका मंडळीची. त्यांचे पाळक बाबांपेक्षा खूप तरुण आहेत आणि त्यांच्यात ड्रम वाजतात. सोमवारी दारू सोडलेल्यांची बैठक, मंगळवार-बुधवार शिवणवर्ग, गुरुवारी गायनमास्तरांचा सराव. एवढ्या सगळ्यांत एक हॉल, एक मधली खोली, तुझी असायची ती, आणि एक किल्ली. फळ्यावर जो शेवटी लिहील तो खरा, आणि डस्टर तर कोणाच्याही हाताला लागायचं. गेल्या वर्षी बैठकीत एक माणूस पहिल्यांदाच उभा राहून बोलत होता, तेवढ्यात ड्रमवाले दार ढकलून आत आले. तो माणूस परत कधी आला नाही.

त्यानंतर मी ऑनलाइन कॅलेंडर केलं. ज्याला जागा हवी त्याने आपल्या फोनवरून वेळ मागायची, मी मंजूर करायची. मंजूर झाली की तो चौकोन रंगतो, आणि रंगलेल्या चौकोनात दुसऱ्या कोणाला काही टाकताच येत नाही. मी सगळ्यांना बजावलंय की मला फोन करू नका, कॅलेंडर म्हणेल तो शेवटचा शब्द. तरी फोन येतातच. "अगं, हिरवं दिसतंय, म्हणजे मिळालं ना?"

मागच्या रविवारी बाबा व्यासपीठावरून म्हणाले, "आमची मुंगी आहे तोवर आपल्याला घोर नाही." सगळे मागे वळून माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. त्यांना सांगू कसं?

तुझी
मुंगी


सोमवार, ११ मार्च

मुंगे,

पत्र वसतिगृहाच्या ऑफिसात उभ्याउभ्याच वाचलं. इथल्या मुलींनी विचारलं, "बाई, काय झालं, हसताय का?" म्हटलं, माझ्या शाळेचा निकाल लागला.

तुझ्या बापाला दाढी करताना सांग. तोंडाला फेस असला की त्याला लगेच उत्तर देता येत नाही आणि वस्तरा हातात असला की मान हलवता येत नाही. आमच्या वडिलांकडून मी असंच सगळं मिळवलं. जेवताना मात्र सांगू नकोस. जेवताना तो ताट सारतो, मग तुला भूक लागत नाही, आणि ती नोकरी राहते बाजूला.

कॅलेंडर मला काही कळलं नाही, पण किल्ली कळली. ती एका माणसाकडे असू नये. दोघा-तिघांना शिकव.

आणि सांगताना "विचार होता" असं म्हणू नकोस. "मिळाली आहे" असं म्हण.

आत्या


मंगळवार, २६ मार्च

प्रिय आत्या,

सांगितलं. फेस होता. "मला नोकरी मिळाली आहे, जूनमध्ये जायचं आहे," एवढंच म्हटलं आणि आरशात बघत राहिले, कारण त्यांच्याकडे सरळ बघवत नव्हतं. त्यांनी उरलेला गाल पूर्ण केला, तोंड धुतलं, टॉवेल नीट वाळत घातला आणि म्हणाले, "जा की. कोण अडवतंय? फक्त ह्या कॅलेंडरची सोय लावून जा."

आत्या, मी इतकी तयारी केली होती आणि ते रागावलेसुद्धा नाहीत. उलट दुपारी स्वतःहून चहा करून आणला. मीच उगाच त्यांच्याबद्दल मनात काय काय धरून बसले होते, त्याची लाज वाटली.

तू म्हणालीस तसं तिघांना शिकवायला घेतलंय. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, "मला टाका घालायला सांग, हे बटण दाबायला नको." पण शिकल्या. दुपारच्या मंडळीचे पाळक मुळातच हुशार आहेत. आज गायनमास्तर आले होते. ते एका बोटाने टाइप करतात आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणतात. मी म्हटलं, "काका, मनात म्हटलं तरी चालतं." तर म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला शिकवलं, आता मिटू होय?" तिघांनाही मी बदल करायची परवानगी दिली आहे. मास्तरांनी सरावाचा गुरुवार माझ्यासमोर भरायला घेतला, पण मग म्हणाले की उरलेलं घरी शांतपणे करतो, तू बघत असलीस की बोट चुकतं.

बाबा आता दुसऱ्या खोलीत पेटी झाडतायत. आईची जुनी प्रवासाची पेटी. माझ्यासाठीच असावी.

तुझी
मुंगी


बुधवार, ३ एप्रिल

मुंगे,

तू मुद्रितं तपासणार आहेस, म्हणून एक वाक्य तपासायला देते. "सोय लावून जा." ह्यात क्रियापदं किती? दोन. आधी कोणतं? लावून. ते पुरं झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, हे मी तुला पाटीवर शिकवलंय.

आमच्या घरात नुसतं "जा" कोणी कोणाला म्हटलेलं मला आठवत नाही. जेवून जा, आवरून जा, त्याला विचारून जा, पाहुणे गेल्यावर जा. मला तर "धाकट्याचं लग्न उरकून जा" असं सांगितलं होतं, म्हणजे तुझ्या बापाचं. मग तुझी आई आजारी पडली, तेव्हा "तिला जरा बरं वाटू दे, मग जा" झालं. मी निघाले तेव्हा केस पांढरे होते.

चहा केला म्हणतेस. मला त्या चहाचीच काळजी वाटते. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं होतं.

पेटी झाडली की झाडून परत ठेवली, ते कळव.

आत्या


बुधवार, १७ एप्रिल

प्रिय आत्या,

पेटी परत ठेवली. ते पुढे सांगते.

आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो ना. "आठ दिवसांनी ये" म्हटलं की गुरुवारी ऐकणारा पुढच्या शुक्रवारी येत नाही, गुरुवारीच येतो. गायनमास्तरांनी घरी बसून सराव भरला. कॅलेंडरने विचारलं, किती दिवसांनी पुन्हा? त्यांनी लिहिलं, आठ. यंत्राला आपलं बोलणं कुठून कळणार? त्याने मोजून आठ घेतले. सराव गुरुवारवरून शुक्रवारवर गेला आणि तिथून शनिवारवर. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गाणारे कॅलेंडर बघतच नाहीत, पाय त्यांना गुरुवारी आपोआप आणतात.

आणि त्याच शनिवारी दुपारच्या मंडळीतली एक म्हातारी बाई गेली. त्यांना प्रार्थनेला हॉल हवा होता. पाळकांनी कॅलेंडर उघडलं, तर दुपार भरलेली. गायन. ते मास्तरांना बोलले नाहीत आणि मलाही फोन केला नाही, कारण मी बजावलं होतं की कॅलेंडर म्हणेल तो शेवटचा शब्द. त्यांनी शवपेटी अंगणात, सायकली लावतो तिथे ठेवली आणि उन्हात उभं राहून सगळं केलं. हॉल कुलूपबंद होता, आत कोणी नव्हतं. मी भाजी घेऊन आले तेव्हा शेवटची प्रार्थना चालली होती. मला वाटलं, त्यांनाच बाहेर करायचं असेल. मी पिशव्या हातात घेऊन मान खाली घालून उभी राहिले. आत्या, किल्ली माझ्या त्याच पिशवीत होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या मुलीकडे गेले. ती म्हणाली, "आईला मोकळ्यावर आवडायचं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग दाराशी आल्यावर म्हणाली, "खिडकीतून आत रिकामी बाकं दिसत होती, तेवढं फक्त वाईट वाटलं."

मास्तरांना दाखवलं तर त्यांना चूकच दिसेना. "आठ दिवसांनी म्हणतात, आठ लिहिले. सात लिहिले असते तर तूच म्हणाली असतीस, काका, मोजता येत नाही का." मग त्यांना कळलं, आणि ते टोपी काढून बराच वेळ हातात फिरवत बसले. मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी तिघांचीही परवानगी काढून घेतली. आता पुन्हा सगळं माझ्याकडे आहे. प्रकाशनाला लिहिलं की घरगुती अडचण आहे, रुजू होण्याची तारीख पुढे न्यावी. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, तू होतीस म्हणून निभावलं." मी होते म्हणून काय निभावलं, ते मला समजलं नाही. पेटी त्यांनी माळ्यावर ठेवली, म्हणाले, धूळ खाते खाली.

मुंगी


बुधवार, २४ एप्रिल

मुंगे,

तारीख पुढे न्यावी असं लिहिलंस ते मला अजिबात आवडलं नाही. लिहिल्यावर आत्याला कळवलंस, लिहायच्या आधी नाही, तेही नाही आवडलं.

त्या घरच्यांना वाईट वाटलं. वाटणारच. तू गेलीस, माफी मागितलीस, ठीक. आता त्याची शिक्षा म्हणून जन्मभर चौकोन रंगवत बसणार का? तशी शिक्षा त्या मुलीने मागितलेली नाही.

ऐक. मी येते. महिनाभर. मला इथे काही काम नाही, मुली आपापल्या शहाण्या आहेत. तुझं ते कॅलेंडर मी शिकेन. तुला बाराखडी शिकवली, आता तू मला शिकव. तू नोकरीवर जा, मी मागे सगळ्यांना सवय लावून परत येईन. बापाला सांग.

आत्या


रविवार, ५ मे

प्रिय आत्या,

प्रकाशनाचं उत्तर आलं. एक जुलैपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि तू येणार म्हणून आणखीच. लगेच बाबांना सांगितलं.

मला वाटलं होतं, ते "बरं" म्हणतील. पण ते उठूनच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून तुझी मधली खोली पांढरी करून घेतली. तुझी खाट बाहेर काढली, तिचे पाय घट्ट केले. शिवणवर्गाच्या बाईंकडून पडदे शिवून घेतले. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा मी आत इस्त्री करत होते. बाबा त्यांना म्हणाले, "आता ताई येतेय. मुंगी गेली काय, राहिली काय, घर चाललं." इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खुश बघितलं नव्हतं, आणि इस्त्री तशीच धरून ठेवली म्हणून एका बाहीवर डाग पडला.

मग आज उपासनेनंतर मला म्हणाले, "ती मधली खोली कॅलेंडरवर टाकून ठेव, नाहीतर कोणी बैठकीला मागेल." मी उघडलं. लिहिलं, ताई. कॅलेंडर विचारतं, कधीपर्यंत? मी म्हटलं, "महिन्याची तारीख घालू ना?" बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "ते रिकामं ठेव."

रिकामं ठेवलं की कॅलेंडर ते कायमचं धरतं. आत्या, मी जून बघितला, जुलै बघितला, पुढचं वर्ष बघितलं. सगळीकडे ती खोली रंगलेली आहे आणि आत तू.

येऊ नकोस. तुला काम नाही असं तू लिहिलंस, पण तुमच्या वसतिगृहात नवीन मुली जूनमध्येच येतात हे मला माहीत आहे. मी राहते. मला त्याचं इतकं काही वाटत नाही. मुद्रितं काय, घरीही मागवता येतील कदाचित.

मुंगी


सोमवार, १३ मे

मुंगे,

"इतकं काही वाटत नाही" हे वाक्य तू चौथीत असताना शिकलीस, आणि ते मी शिकवलेलं नाही.

खरं सांगते. मी महिनाभर म्हणाले ते मलाही खरं वाटत नव्हतं. मी इथली राजीनाम्याची चिठ्ठी लिहून टेबलाच्या खणात ठेवली होती. मला वाटलं, आपल्या घरात एक बाई आत बसली तर दुसरी सुटते, तर मीच बसते, माझं निम्म्याहून जास्त झालंय. त्याने पडदे कोणत्या रंगाचे केले? जाऊ दे, सांगू नकोस.

चिठ्ठी फाडली. मी येत नाही. पण मग तूही राहायचं नाहीस. मी न येणं आणि तू राहणं, असा सौदा मी केलेला नाही.

मी काही उपाय सांगणार नाही. मी सांगितलेले दोन उपाय तू बघितलेस, एकात अंगण आलं, एकात पडदे. आता तू तुझं बघ. फक्त सोय लागायची वाट बघू नकोस. सोय कुठेच पुरती लागलेली नसते, लोक तशीच जातात.

आत्या


रविवार, २३ जून

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तू येत नाहीस हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं, एवढंच. मग दोन आठवडे आम्ही मीठ-मिरचीपुरतंच बोललो. मला रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकते की नाही जात. एकदा तर सांगायला त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. ते उद्याचं प्रवचन वाचून बघत होते, स्वतःलाच मोठ्याने. मी परत फिरले.

मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कॅलेंडर पडद्यावर लावलं आणि त्यांच्यासमोर मंजुरीची अट काढून टाकली. सगळ्यांना सगळी परवानगी दिली. म्हटलं, आता कोणी कोणाला विचारायचं ते तुमचं तुम्ही बघा, आणि अडलं तर कॅलेंडरवर विसंबू नका, एकमेकांना फोन करा. आम्ही अजून खुर्च्यांवर बसलेलोच होतो, तोवर ड्रमवाल्यांनी गुरुवार घेतला. मास्तर ओरडले, "गुरुवार माझा आहे." शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, "मग कपाट कोणाचं, ते पण बोला." दारू सोडलेल्यांतले एक गृहस्थ फार हळू आवाजात म्हणाले की आम्हाला फक्त दार आतून लावता आलं पाहिजे. अर्धा तास नुसता गलका. सगळे अधूनमधून माझ्याकडे बघत होते. आत्या, मी हातावर हात धरून बसले. अक्षरशः धरून, उजवा डाव्याने. शेवटी बाबा उठले आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, गप्प बसा जरा, त्यांना बोलू द्या." इतक्या वर्षांत बाबांनी मास्तरांना गप्प बसवल्याचं मी बघितलं नव्हतं.

नीट काही ठरलं नाही. किल्लीच्या तीन किल्ल्या करून घेतल्या, एवढं झालं. ह्या आठवड्यात दोनदा घोळ झाला आणि मला एकोणीस फोन आले. मी एकही चौकोन हलवला नाही.

शुक्रवारी सकाळची बस आहे. माळ्यावरची पेटी मी काढली नाही, नवीन पिशवी घेतली.

पण आज एक झालं, आणि तुला विचारल्याशिवाय मला झोप येणार नाही. उपासनेच्या शेवटी बाबांनी मला पुढे बोलावलं. डोळे मिटायला सांगितले. माझ्या प्रवासासाठी, माझ्या नोकरीसाठी फार चांगलं मागितलं. आणि शेवटी म्हणाले, "आणि हिला लवकर आपल्या घरी परत आण, कायमची." सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. आत्या, मीही म्हणाले. सवयीने, सगळ्यांबरोबर, मोठ्याने. माझ्या लक्षात आलं तोवर तोंडातून गेलं होतं. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांनी ऐकलं.

चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, देवाला दिलेला हा शब्द झाला का? झाला असेल तर मला जाता येईल का? हसू नकोस.

नवीन पत्ता मागे लिहिला आहे.

मुंगी


गुरुवार, २७ जून

मुंगे,

हसले नाही. एक घोट पाणी प्यायले आणि लिहायला बसले.

आमेन म्हणजे "तसं होवो". "मी तसं करीन" असा त्याचा अर्थ कुठल्याच भाषेत नाही. होवो म्हटलं की करणारा दुसरा असतो. मागणारा तुझा बाप, देणारा वरचा, तू मध्ये फक्त उभी होतीस. वरच्याला वाटलं तर तो बघेल. त्याच्या कामात तू हात घालू नकोस, त्याच्याकडे तुझ्यासारखी मंजुरीची अट नाही.

बापाने मागितलं, मागू दे. त्यालाही काहीतरी मागायला हवंच ना.

हे पत्र घरी पाठवत नाही, नव्या पत्त्यावर टाकतेय. तुझ्या हातात पडलं तर तू गेलीस. परत आलं तर मी काय समजायचं ते समजेन, आणि तुला काही विचारणार नाही.

आत्या


बुधवार, ३ जुलै

प्रिय आत्या,

पत्त्यात तू "तिसरा मजला" लिहिलंस, मी दुसऱ्यावर राहते. माझ्या अक्षरातला दोन तुला तीन वाटला असेल, तेव्हा चूक निम्मी माझी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून हाक मारून दिलं.

मिळालं.

मुंगी